वाडीतल्या पाटाला पाणी आलं

श्रीवर्धन,
माघातला रविवार

ती. आई, ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. बाबा दोनदा "बरं" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, आई, आणि तू "जेवलीस का" विचारलंस की मला पुढचं काही बोलवत नाही. म्हणून लिहितेय. बाबा, मोठ्यानं वाचा, आईला ऐकू जाईल असं. मधलं गाळू नका.

मी नोकरी सोडली. भाऊबीजेनंतर "आठ दिवस घर उघडून, झाडून येते" म्हणून इथे आले, तेव्हा राजीनामा देऊन महिना झाला होता. तुमच्याशी खोटं बोलले, त्याबद्दल रागवा. आणि आपली नारळ-सुपारीची वाडी विचारायला तो खोल्या बांधणारा माणूस यायचा ना, त्याला दादानं आणि मी मिळून नाही म्हणून कळवलं. बाबा, तुम्ही त्याला शब्द दिला नव्हता, नुसतं "बघू" म्हणाला होतात, हे दादाला दोनदा विचारून घेतलं आणि मगच कळवलं. सातबाऱ्यावर तुमचंच नाव आहे, तुमचंच राहील.

पैशांची काळजी नको. हिशेबाची तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत, त्यांचं काम इथून लॅपटॉपवर होतं. पीएफला हात लावलेला नाही. लेकाची होस्टेलची फी ह्यांच्या पगारातून जाते. हे एक शनिवार सोडून एक शनिवारी येतात आणि आले की चहा व्हायच्या आत कुदळ हातात घेतात. ह्यांची काही कुरबुर नाही, उलट "तिथे राहिल्याशिवाय वाडी होणार नाही" हे आधी तेच म्हणाले. मी तेच तेच सांगतेय, कळतंय मला. पण आई, तू रात्री जागून बोटांवर हिशेब मांडशील, म्हणून सांगतेय.

हे सगळं खरंच आहे, पण त्याच्यामुळे मी आले नाही. ३ जून २०२० ला वादळ दिवेआगरपाशी किनाऱ्याला लागलं, तेव्हा तुम्ही दोघं माजघरात कोठीच्या दाराला पाठ लावून बसला होतात आणि मी पुण्यात होते. कितीतरी दिवस तुमचा आवाज ऐकला नाही. मग पास, बंदी, लेकाची मोबाइलवरची शाळा. मी आले ती गणपतीला, आणि तेव्हाही वाडीत उतरले नाही. मागच्या पडवीत उभी राहिले, कमरेत मोडलेल्या पोफळी, आपली सुपारीची झाडं, बघितल्या आणि आत येऊन मोदकांची उकड काढायला बसले. वादळानंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती आणि तू पडलेल्या फांदीलाच सूत गुंडाळलंस, हे मला आत्यानं सांगितलं. तू कधीच बोलली नाहीस.

आता वाडीचं.

आले तेव्हा मागच्या दारातून विहीर दिसत नव्हती. रानमोडी डोक्याच्या वर, गडग्यावरून घाणेरी आत उतरलेली, विहिरीच्या कठड्यावर खाजकुइली. गावातल्या दोन बायका आणि खालच्या आळीतले एक काका असे आम्ही चौघं बेणत होतो, विहिरीपर्यंत पोचायला अकरा दिवस लागले. रानमोडी फुलून बी धरायच्या आत कापली, म्हणजे पुढच्या पावसात तितकी उगवणार नाही. जाळलं काही नाही. सगळा पाला माडांच्या आळ्यांत पसरलाय, ओल धरतो आणि कुजला की खत. गडग्याचे पडलेले चिरे काकांनी पुन्हा रचले, त्याच्या कडेनं गिरिपुष्पाच्या काठ्या लावल्यात. हो, फुरसं दिसलं. एकदाच. मी गमबूट घालते, हातात काठी असते आणि अंधार पडल्यावर वाडीत जात नाही. झालं समाधान?

विहिरीतला गाळ उपसला. आई, कासव आहे अजून! तेच आहे की दुसरं, मला नाही सांगता येत, पण पाठीवर तसाच तुटका कोपरा दिसला.

आणि पाट सापडला. वीतभर मातीखाली, अख्खा. पंप लावून पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी मी शेवटच्या आळ्याशी जाऊन उभी राहिले. बाबा, तुम्ही विहिरीपाशी असायचात आणि मी फ्रॉक खोचून टोकाला. पाणी आळ्यात शिरलं की मी "आलंऽऽ" ओरडायचे, मग तुम्ही खोऱ्याभर माती टाकून पाणी पुढच्या ओळीत वळवायचात. परवा पाणी आलं आणि मी ओरडले. पंपापाशी काका होते, त्यांनी नुसतंच "बरं" म्हटलं. मग मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

बाबा, आता जे लिहितेय त्यासाठीच हे पत्र आहे.

तुम्ही दादाकडे गेल्यापासून एकच धरून बसलायत, की वादळात ज्या पोफळी वाचल्या त्या तुम्ही पाण्याविना मारल्या. वीज नव्हती, पंप चिखलात होता, तुमच्या छातीत दुखायला लागलं होतं, तरी तुम्ही तसंच म्हणता. मी इथल्या सुपारी संशोधन केंद्रात गेले होते. वाळलेल्या खोडांचे फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पश्चिमेचे माड पडले होते का? सगळे पडले होते, सात. ते म्हणाले, मग उन्हानं गेल्या. पोफळीचं खोड जन्मभर सावलीत वाढलेलं असतं. दक्षिण-पश्चिमेकडून दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर आलं की त्या बाजूला पिवळा डाग पडतो, तो काळपट होतो, खोड तिथे चिरतं आणि पुढच्या वाऱ्यात मोडतं. मी घरी येऊन उरलेली एकेक खोडं बघितली. सगळ्या चिरा समुद्राकडच्या अंगाला आहेत. तहानेनं मेली असती तर एकाच अंगाला कशी फुटली असती? पाणी कमी पडलं हे खरं, पण तुम्ही रोज घागरीनं शिंपलं असतं तरी त्या राहिल्या नसत्या. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही आलात की हाताला धरून प्रत्येक खोड दाखवते.

एकवीस पोफळी अजून उभ्या आहेत. त्यांच्या खोडांना उन्हाच्या बाजूनं विऱ्या, पोफळीच्या झापांचे रुंद देठ, बांधल्यात. विरी हातात घेतली की मला पहिली आठवण येते ती मी तिच्यावर बसलेली आणि तुम्ही खळ्यातून ओढताय ही, आणि आई ओरडतेय की पोरीचा परकर फाटेल. नवी रोपं नऊ-नऊ फुटांवर, पश्चिमेला आधी केळी लावल्यात, त्या सावली धरतील. माड पंचवीस फुटांवर, बाणवली जातीचेच. सुपारी यायला सहा-सात वर्षं जातील. तेव्हा तुम्ही ब्याऐंशीचे असाल आणि पाडेली वर चढला की खालून त्याला सूचना देत असाल.

आई, तुझ्या जायफळाचा उलगडा झाला. इतकी वर्षं फुलतं आणि धरत नाही म्हणून तू त्याला काय काय घातलंस, ताक घातलंस, खिळा ठोकलास. ते नर झाड आहे गं. शेजारी दोन मादी कलमं लावली, आता त्याचाही उपयोग होईल. फुलांचा अनंत जिवंत आहे. मागच्या अंगाला, घाणेरीच्या आत दबून होता.

एक गोष्ट मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. अण्णांचा माड काढावा लागला. वादळात तो कलला होता, तेव्हा आपल्याला वाटलं सावरेल. बुंध्याशी भोकं होती, त्यातून तांबूस चीक गळत होता, कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज. सोंड्या भुंगा. ठेवला असता तर बाकीच्या माडांत गेला असता आणि पडला असता तर गोठ्यावरच. मी दोघा पाडेल्यांना दाखवलं, आठवडाभर थांबले, मगच तोडू दिला. आधी हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात आणि मग रात्रभर झोपला नसतात. खालचा भाग किडलेला होता तो जाळला, वरचं खोड चांगलं निघालं. त्याचा पाटावर साकव घातलाय, विहिरीकडे जायच्या वाटेवर. त्याच्यावरूनच रोज जाते. त्याचा जो नारळ तुम्ही त्या साली कोंब येईपर्यंत ठेवला होतात, त्याचं रोप दादाच्या गॅलरीत आहे ना, ते आणा. जागा आखून ठेवलीय.

आता नीट ऐका. अक्षय्य तृतीयेच्या आधी तुम्ही दोघं इथे यायचं आणि पाऊस लागेपर्यंत राहायचं. कायमचं या असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, दादालाही वाईट वाटायला नको. न्हाणीघरात कमोड बसवलाय, भिंतीला धरायला दांडा आहे, फरशी खरखरीत घातलीय. ओटीच्या पायऱ्यांना कठडा केलाय. इन्व्हर्टर आहे, पंखा बंद पडणार नाही. बाबांची कॉट खिडकीशी, दोन विटा लावून उंच केलीय म्हणजे गुडघ्यावर जोर न देता उठता येईल. झोपाळ्याच्या कड्यांना तेल दिलंय. आई, तुझ्यासाठी उकड्या तांदळाची सोय केलीय, पण पेज एकच वाटी, रक्तातली साखर मी मोजणार.

एसटीनं यायचं नाही. दादा गाडी काढेल, माणगावला उतरून अर्धा तास पाय मोकळे करायचे, घाटात पुढच्या सीटवर बाबा. निघायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून यायचं आणि ते जे म्हणतील ते मला खरं सांगायचं. दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर घ्या. बाबा, इथे आल्यावर खोऱ्याला हात लावायचा नाही. खुर्ची विहिरीपाशी ठेवेन, पाणी कुठल्या ओळीला वळवायचं ते तिथून सांगायचं. टोकाला मी उभी राहीन.

आई, स्टुलावर चढून देवघराच्या वरचं काही काढू नकोस, सुनेला सांग. ती ओरडते असं तुला वाटतं, ती घाबरते.

दोघांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला सांगा, मी बरी आहे.

तुमची,
छोटी

ता. क. बारकी आकडी, ती वाकडी कोयती, इथे सापडत नाही. दादाच्या माळ्यावर, पितळी घंगाळात असेल. येताना आणा, आणि तिची धार काढू नका, मी काढते.