आधी जाळं, मग रक्त

निपाणी,
12 जून

प्रिय बसू,
सप्रेम नमस्कार.

अस्थिमज्जेचे गोळे (ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून वाढवलेली मज्जेची छोटी प्रतिकृती) वाढवायचं ठरवलंयस, तर रक्तपेशी मोजायच्या मागे लागू नकोस. रक्तवाहिन्यांचं जाळं बघ. ते नसेल तर रक्तपेशी होतील, पण राहतील कुठे? 2023 साली ऑक्सफर्ड-बर्मिंगहॅमच्या मंडळींनी छापलेली पद्धतच धर.

कडेला चपट्या पसरलेल्या पेशी दिसणारी आयपीएसची (कुठल्याही पेशीत वळू शकणाऱ्या मूळ पेशींची) प्लेट घेऊच नकोस. पेशी सुट्या करून न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये घाल, तिथे त्यांचे गोळे होतात; आणि रात्रभर 10 मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर (पेशींना जगवणारं रसायन) ठेव, नाहीतर सुट्या पेशी मरतात. दुसऱ्या दिवसापासून बीएमपी4, एफजीएफ2, व्हीईजीएफ-ए हे वाढीचे घटक, प्रत्येकी मिलीलीटरला 50 नॅनोग्रॅम. तिसऱ्या दिवशी रक्त आणि वाहिन्यांकडे वळवणारे घटक येतात. व्हीईजीएफ-सी वगळू नकोस; मज्जेतल्या रुंद, झिरपणाऱ्या वाहिन्यांचं वळण त्यानेच येतं.

खरी परीक्षा पाचव्या दिवशी, गोळे ज्यात रोवायचे त्या मॅट्रिजेल-कोलॅजनच्या जेलची. मॅट्रिजेल (पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांचं जेल) आदल्या रात्री फ्रीजमध्ये बर्फावर वितळव. टिपाही गार हव्यात, कारण 10 अंशांच्या वर गेलं की ते पिपेटमध्येच बसायला लागतं. कोलॅजन आम्लात येतं, तेव्हा सोडियम हायड्रॉक्साइड घालून ते फिकट गुलाबी कर. पिवळं राहिलं तर जेल सैल होतं, जांभळं झालं तर पेशी जातात. आधी एक थर ओतून बसू दे, मग गोळ्यांसकट दुसरा. एकाच थरात घातलेस तर गोळे तळाशी जाऊन प्लास्टिकला चिकटतात, सपाट पसरतात आणि जाळं फुटतच नाही. नंतर दोन तास 37 अंशांवर, विरजण लावलेल्या पातेल्यासारखं, हात न लावता.

बाराव्या दिवशी फुटवे आलेले गोळे सुईने सोडव, 96 खणी प्लेटमध्ये एकेक ठेव. अठराव्या दिवसापासून ते कामाचे. मध्यभाग काळवंडला तर सुरुवातीचा गोळा मोठा होता. ऑक्सिजन पृष्ठभागापासून साधारण 200 मायक्रोमीटरपलीकडे पुरत नाही.

आता मृग लागलाय. खानापूरकडची ओल बेळगावात आली की इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेत बुरशी धरते. ट्रे दर आठवड्याला धू, निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच भर. लाईट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत यूपीएस हवाच. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूची पीसीआर चाचणी दर महिन्याला; तो डोळ्यांना दिसत नाही, पेशी मात्र मुकाट मंदावतात.

यात खरं हाड नाही, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळपास नाहीत, त्यामुळे लिम्फोमाचे, म्हणजे त्यांच्या कर्करोगाचे, प्रश्न यावर विचारू नकोस. मायलोफायब्रोसिससाठी (मज्जेत तंतू माजणारा आजार) मात्र झकास: टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन घातलं की तंतू वाढतात, रुग्णाच्या पेशीही आत टिकतात.

अठराव्या दिवसाचे दोन गोळे सीडी31 आणि सीडी34 या खुणांनी (वाहिन्या आणि रक्ताच्या मूळ पेशी ओळखायला) रंगवून फोटो पाठव. जाळं तुटक दिसलं तर कोलॅजनचा लॉट नंबरही कळव.

तुझा,
विनू