दुसऱ्याची पत्रं वाचायला दिल्याबद्दल

आदरणीय ग्रंथपालबाई,

सप्रेम नमस्कार.

‘मादाम बोव्हारी’ अर्धवट सोडून मी परत करायला आले, तेव्हा तुम्ही उपदेश केला नाहीत. आतून तिच्या फ्रेंच लेखकाच्या, फ्लोबेरच्या, पत्रांचा खंड आणलात आणि म्हणालात, “कादंबरी राहू दे. तिच्यापायी हा माणूस किती वैतागला होता, ते आधी वाचा.” त्याबद्दल हे आभार.

दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. पहिली चार-पाच पत्रं चोरी केल्यासारखी वाचली. मग चटकच लागली. रूआँजवळच्या क्र्वासेत, सेन नदीकाठी, आई आणि भाचीसोबत राहणारा हा माणूस १८५१ पासून कादंबरी लिहितोय आणि रात्री उशिरा पॅरिसला आपल्या प्रेयसीला, कवयित्री लुईझ कोलेला, त्या लेखनाची हकिकत कळवतोय. हकिकत कसली, रडगाणंच! अख्ख्या आठवड्यात जेमतेम पानभर मजकूर. शेतकी प्रदर्शनाचा एक प्रसंग तर १८५३ च्या उन्हाळ्यात सुरू केला, तो हिवाळा आला तरी हातावेगळा होईना.

आणि मग २३ डिसेंबर १८५३ चं पत्र. दुपारी दोनपासून लिहितोय, मध्ये फक्त पंचवीसेक मिनिटं जेवायला उठलो, असं सांगून तो पुढे लिहितो की आज मी एकाच वेळी प्रियकर होतो, प्रेयसी होतो, घोडे होतो, झाडाची पानं, वारासुद्धा होतो. इतकी पत्रं कुरकुर ऐकल्यावर हे आलं म्हणूनच ते खरं वाटलं. सुटं वाचलं असतं तर मी बहुधा नाक मुरडलं असतं.

त्याचा रागही आला, बरं का. लुईझला क्र्वासेला येऊ द्यायचं नाही आणि पत्रातून मात्र पानंच्या पानं साहित्यचर्चा! त्यातून लुईझची उत्तरं बहुतेक उरलेलीच नाहीत. फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून पलीकडची बाजू ताडावी, तसं तिला ताडत राहावं लागतं. एखादं पत्र अचानक समजुतीच्या सुरात सुरू झालं की कळतं, मागच्या टपालाने बाईंनी चांगलंच झापलेलं दिसतंय. याची मजा मला कादंबरीतल्या संवादांपेक्षा जास्त आली, हे तुमच्यापुरतं ठेवा.

कादंबरी परत उघडली. थेट त्या प्रदर्शनापाशी. एकीकडे व्यासपीठावरून खत आणि गुरांची भाषणं, दुसरीकडे नायिकेपुढे रोदोल्फचं प्रियाराधन, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं. मागे हेच मी चाळून पुढे गेले होते. या वेळी तीनदा वाचलं.

खंड परत करायला तीन आठवडे उशीर झाला, त्याचा दंड सोबत आणतेच. लेखिका जॉर्ज सांदबरोबरचा फ्लोबेरचा पत्रव्यवहार कुणी नेला असेल, तर माझा नंबर लावून ठेवाल का?

आपली,
एक उशिरा पुस्तकं परत करणारी वाचक