कल्हईची भट्टी खाऊच्या स्टॉलला खेटून?

मा. संपादक,

स्थानिक उत्पादनांच्या महोत्सवाची बातमी काल आपण अर्धे पान भरून दिलीत. उद्घाटक आले, रील करणारे आले, ‘उदंड प्रतिसाद’ही आला. नाशिकच्या तांबट लेनमधल्या कारागिराला पहिल्याच संध्याकाळी कल्हईची भट्टी विझवायला लावली, हे मात्र कुठेच नाही.

भांडे तापले की आत नवसागराची पूड टाकतात, कथील लावतात आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवतात. नवसागर पडताच पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. म्हणून भट्टी उघड्यावर, मैदानाच्या कडेला लावायची आणि वारा गर्दीकडून भट्टीकडे वाहतो आहे ना, हे आधी बघायचे. इथे ती मांडवाखाली, मिसळीच्या स्टॉलला खेटून! धूर ताटांवर गेला, तक्रार झाली आणि बोल बसला कारागिराला. स्टॉलचा नकाशा आखणाऱ्याने त्याला आधी एका शब्दाने विचारायला हवे होते.

वास्तविक गर्दी धरून ठेवायला कल्हईसारखे दुसरे काही नाही. चार दिवस आधी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकायचा: घरची तांब्या-पितळेची भांडी घेऊन या, मापाप्रमाणे दर असे असे. डाग देऊन (झाळून) जोडलेले भांडे असेल तर आधी सांगा, कारण आचेवर तो जोड सुटतो. आलेल्या भांड्याला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधायचा (कागदाची चिठ्ठी भट्टीजवळ टिकत नाही), तोच क्रमांक मालकाला द्यायचा आणि तासाभराने बोलवायचे. तो तास माणूस मैदानातच फिरतो, शेजारी पापड-मसाला घेतो. पुढच्या वेळी तो थेट तांबट लेन गाठतो. आयोजकांच्या रीलमध्ये दुकानाचा पत्ता नाही, दर नाही, वेळ नाही. ती बघून कोण कुठे जाणार?

भाड्याचेही तेच. तीन दिवसांचे नऊ हजार धरा. शंभरामागे तीस रुपये सुटत असतील, तर नुसते भाडे निघायला तीस हजारांची विक्री हवी. हाताने माल करणाऱ्याकडे तेवढा माल तयारच नसतो. मग जागा घेतात तयार माल आणून विकणारे. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो, तो वाचला तरी कळेल की यातले नाशिकचे किती. स्वतः बनवणाऱ्यांकडून थोडे ठरावीक भाडे आणि वर विक्रीतला हिस्सा घ्यावा, म्हणजे गर्दी जमवण्याची गरज आयोजकांनाही राहील.

2027 चा सिंहस्थ समोर आहे. गोदावरीचे पाणी न्यायला तांब्याचे गडू लागणार, ते घाटावर कोण विकणार हे आताच ठरायला हवे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. जागा आखताना त्यांना समोर बसवा, नकाशा छापून झाल्यावर नको.

आणखी एक. महोत्सवाचे फलक कॉलेज रोडच्या झाडांवर अजून खिळ्यांनी ठोकलेले आहेत. ते खिळ्यांसकट काढावेत.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक