पुराची भिंत उन्हाळ्यातच घेऊन ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं सांगलीत फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे, ग्रिल, शटर, पत्र्याचं शेड असली कामं करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये दुकानात छातीएवढं पाणी होतं आणि 2021 च्या जुलैत परत घुसलं. दोन्ही वेळा आम्ही एकच गोष्ट केली, सिमेंटची रिकामी पोती गोळा केली, वाळू भरली, सुतळीनं तोंडं बांधली आणि शटरसमोर रचली. मी, कामावरचा पोरगा आणि शेजारचे किराणावाले काका, तिघांनी मिळून रात्री अकरापर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी पोती झाली असतील, हाताची सालटं निघाली. आणि पाणी आलं ते समोरून नाहीच, मागच्या गटारातून उलटं आलं. पोती जिथल्या तिथे आणि वेल्डिंग मशीन पाण्यात.

तेव्हापासून जगात लोक पाणी अडवायला काय वापरतात हे मी मोबाईलवर शोधत असतो, आणि त्यात मला घडी होणारी पुराची भिंत बनवणाऱ्या हेस्को नावाच्या कंपनीची गोष्ट सापडली. ती आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय पण कृपा करून कापू नका.

ही कंपनी इंग्लंडमधल्या लीड्सची. काढणारा माणूस जिमी हेसेल्डन, जन्म 1948, गरीब वस्तीत वाढला, पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे कोळशाच्या खाणीत लागला. त्यानं काम केलेल्या खाणींपैकी एक लॉफ्टहाउस. 1973 च्या मार्चमध्ये तिथे जुन्या बंद पडलेल्या खाणीत साठलेलं पाणी फुटून आत शिरलं, 7 खाणकामगार गेले आणि त्यातल्या 6 जणांचे मृतदेहसुद्धा बाहेर काढता आले नाहीत. पाणी फुटतं म्हणजे काय होतं हे त्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला लागत नसणार.

मग 1984-85 चा तिकडचा खाणकामगारांचा मोठा संप झाला, त्यानंतर हजारो लोकांची नोकरी गेली, त्यात हाही होता. हातात जे पैसे मिळाले त्यातून त्यानं सँडब्लास्टिंगचा, म्हणजे वाळूचा जोरात मारा करून लोखंडावरचा गंज-रंग काढायचा, धंदा टाकला. हे वाचलं आणि मला तो एकदम आपल्यातलाच वाटला, कारण आमच्या लाइनमधली निम्मी माणसं अशीच, मिल नाहीतर कारखाना बंद पडल्यावर जो पैसा मिळाला त्यात एक मशीन घेऊन शेडमध्ये बसलेली. 1989 मध्ये त्यानं हेस्को काढली आणि जी वस्तू बनवली ती खरं सांगायचं तर फार साधी आहे.

आपल्या घाटात दरड येऊ नये म्हणून तारेच्या जाळीत दगड भरून भिंत करतात ना, गॅबियन म्हणतात, तेच. पण दगड निवडून एकेक रचायला वेळ लागतो, आणि जाळीत माती भरली तर ती गळून जाते. यानं काय केलं, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या, जाळीला आतून जाड पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचं, कापड लावलं म्हणजे माती, वाळू, मुरूम जे हाताशी असेल ते भरता येतं. आणि जाळीचे तुकडे एकमेकांना वेल्ड न करता उभ्या स्प्रिंगसारख्या तारेनं जोडले, त्यामुळे सगळी भिंत पेटीच्या भात्यासारखी घडी होऊन सपाट बसते. ट्रकमधून उतरवायची, टोक धरून ओढायची की चौकोनी खण उघडत जातात, वरून लोडरनं माती टाकायची. नावही तिथूनच आलं, कॉन्सर्टिना म्हणजे भात्याचं वाद्य आणि कंटेनर, मिळून कॉन्सर्टेनर. तो स्प्रिंगचा जोड मी फोटोत मोठा करून करून बघितला, जोडाला वेल्डिंग टाळायचं सुचावं ही खरी अक्कल आहे.

कंपनीचा हिशोब असा की 10 मीटरची भिंत पोत्यांची करायची तर 1,500 पोती, 10 माणसं, 7 तास. तेच काम यात 2 माणसं आणि एक लोडर 20 मिनिटांत करतात. जाहिरातीतला हिशोब आहे, थोडा इकडेतिकडे धरा, पण ज्यानं रात्रभर पोती भरलीत त्याला फरक लगेच कळेल.

आता मला खटकलेली गोष्ट. ही वस्तू मुळात किनाऱ्याची धूप आणि पूर अडवायला काढलेली, पण धंदा मोठा झाला तो लढाईवर. ब्रिटिश, अमेरिकी सैन्यानं घेतली, इराक-अफगाणिस्तानातल्या कुठल्याही छावणीचा फोटो बघा, भोवती हीच जाळीची भिंत दिसेल, कारण माती भरलेली भिंत स्फोट आणि गोळ्या अडवते. सैनिकांचे जीव वाचले हे चांगलंच झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सैन्य आधी विकत घेतं आणि पूरग्रस्त शहर पूर आल्यावर धावतं, हा फरक मनातून जात नाही.

पुरातली कामं बघा. 2005 मध्ये कॅटरिना आणि रिटा या दोन वादळांच्या मधल्या थोड्या दिवसांत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या बांधांवर ही लावली. 2009 च्या मार्चमध्ये तिथल्याच नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात रेड नदी 40.84 फुटांवर गेली, 1897 पासूनचा विक्रम मोडला, तिथे धोका पातळी म्हणाल तर 18 फुटांनाच सुरू होते. थंडी एवढी की भरलेली पोती गोठून दगड होत होती आणि गोठलेली पोती एकमेकांवर नीट बसतच नाहीत, फटी राहतात. तिथे लोकांनी लाखो पोतीही भरली आणि जोडीला जवळपास 10.7 किलोमीटर हेस्कोची भिंत नेली. शहर वाचलं. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला 2008 मध्ये नदी 31 फुटांवर जाऊन शहराचा मोठा भाग बुडाला होता, 2016 च्या सप्टेंबरमध्ये परत इशारा आला तेव्हा काही दिवसांत साधारण 16 किलोमीटर भिंत उभी केली, नदी 22 फुटांच्या आसपास येऊन थांबली. 2008 चा मार खाल्ला होता म्हणून त्यांना कुठे काय उभं करायचं हे माहीत होतं.

हेसेल्डन 2010 च्या सप्टेंबरमध्ये गेला, घराजवळ नदीकाठच्या उंच वाटेवर सेगवे, म्हणजे उभं राहून चालवायची दोन चाकांची बॅटरीची गाडी, चालवत होता, समोरून कुत्रा घेऊन येणाऱ्या माणसाला वाट द्यायला मागे सरला आणि कड्यावरून खाली वार्फ नदीत पडला, वय 62. त्याआधी त्यानं आपल्या लीड्समधल्या लोकांसाठी 2 कोटी 30 लाख पौंड दान दिले होते. असा माणूस.

आता आपल्याकडचं बोलतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोका पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर होतं. 4 फुटांच्या भिंतीनं अख्खी सांगली वाचेल असं मी म्हणत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पाणी उपसा केंद्र, विजेचं सबस्टेशन, दवाखान्याचा तळमजला, औषधांचं गोडाऊन या मोजक्या जागा जर अशा भिंतीनं वेढल्या आणि आत पंप ठेवला तर चार-सहा फुटांचा फरक खूप मोठा फरक आहे. पुरात सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही हे आम्ही दोनदा भोगलंय. गटाराची आणि नाल्याची तोंडं आधी बंद करायला हवीत, नाहीतर माझ्या दुकानाचं झालं तेच होणार.

आणि आपल्याला वेळ मिळतो हो. ढगफुटीसारखं अचानक नाही येत, कोयनेतून पाणी सोडलं की इथे पोचायला तास न् तास जातात, पुलावरचे आकडे सगळं गाव फोनवर बघत असतं. तेवढ्यात भिंत उभी राहू शकते, पण ती गोडाऊनमध्ये घडी करून ठेवलेली असेल तर. कुठल्या जागेला किती मीटर, माती कुठून, लोडर कुणाचा, हे मे महिन्यात कागदावर लिहिलेलं असेल आणि एकदा रविवारी उभी करून बघितलेली असेल तर. परदेशातूनच आणा असंही नाही, जाळी इथे मिळते, कापड रस्त्याच्या कामात वापरतात तेच, आणि माझ्यासारखी दुकानं गल्लोगल्ली आहेत.

मी स्वतः 6 फुटांचा एक नमुना करून बघितलाय. पहिल्यांदा कापड पातळ घेतलं तर वाळू कोपऱ्यातून गळाली, मग काळी माती भरली तर मधल्या खणाचं पोट सुटलं, आता जाळीची तार जाड घेतलीय आणि आडवे ताण दिलेत. घमेल्यानं भरायला दोघांना अख्खी दुपार लागली, म्हणजे लोडर नसेल तर यात अर्थ नाही हेही कळलं. नमुना दुकानासमोर उभा आहे. महापालिकेतलं, कॉलेजमधलं कुणी इंजिनिअर बघायला येणार असेल तर रविवार सोडून कधीही यावं, त्यात काय चुकतंय ते सांगितलं तर मी परत करून बघीन.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, सांगली