घराचा विमा, पण किती रकमेचा?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातील चक्रीवादळपूर्व तयारीचा लेख वाचला. बॅटऱ्या, मेणबत्त्या, सुका खाऊ, पिण्याचे पाणी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद आणि शेवटी एक ओळ : घराचा विमा उतरवून ठेवावा. किती रकमेचा, ती रक्कम कशी काढायची, याबद्दल अवाक्षर नाही. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ही ओळ वाचून संताप येतो.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या तालुक्यावर आदळले, तेव्हा माझ्या घराचा विमा होता. गृहकर्ज देताना बँकेनेच तो काढला होता. विम्याचा हप्ता माझ्या कर्जखात्यातून वळता होई. पॉलिसीचा कागद मात्र मागूनही हाती पडला नव्हता. वाडीतला माड छपरावर आडवा झाला, वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. दुरुस्तीचे अंदाजपत्रक तीन लाखांच्या वर गेले. मंजूर झाले निम्मे. नुकसानीबद्दल विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा वाद नव्हता. बँकेने विमा उतरवला होता कर्जाइतका, 8 लाखांचा, आणि घर नव्याने बांधायला लागले असते 16 लाख. घराचा विमा निम्म्या मोलाचा, म्हणून छपराची भरपाईही निम्मी! भिजून फुगलेली कपाटे आणि बंद पडलेला फ्रीज यांचे तर काहीच नाही, कारण पॉलिसीत घरसामान धरलेलेच नव्हते. बँकेचे कर्ज सुरक्षित होते. मी हप्ते भरत होतो ते कोणासाठी?

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित, सगळ्या कंपन्यांसाठी एकाच नमुन्याची पॉलिसी आली. तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही आहेत. रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात दावा कापण्याची पद्धत तिने बंद केली. घराच्या विम्याबरोबर घरसामानही आपोआप येते, इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख. ही चांगली सुधारणा आहे आणि ती छापायला हवी होती. पण घर पुरते कोसळले, तर हाती येणार पॉलिसीतल्या विम्याच्या रकमेपुरतेच. म्हणून चटईक्षेत्राला (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाला) आजच्या बांधकाम दराने गुणून रक्कम ठरवावी लागते. जमिनीची किंमत त्यात येत नाही, आणि कर्जाच्या आकड्याशी विम्याच्या रकमेचा काही संबंध नाही. ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून हा आकडा आजच तपासावा, एवढे तरी सांगायचे!

आणि हे मे महिनाअखेर सांगून उपयोग नाही. ‘निसर्ग’च्या वेळी 1 जूनला समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि 3 जूनला दुपारी आमची छपरे उडाली. 2021 चे ‘तौक्ते’ चक्रीवादळ तर मेच्या मध्यावरच आले. असे लेख मार्च-एप्रिलमध्ये छापा, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही अरबी समुद्रात वादळे होतात हे त्यात लिहा.

आणखी एक. ‘निसर्ग’च्या वेळी मुंबई बचावल्याचा आनंद मोठ्या मथळ्यांत झाला. मुंबईवरचे संकट टळले याचे समाधान आम्हालाही होते. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली, मंडणगडच्या सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या होत्या, गावे कित्येक दिवस अंधारात होती. यंदा वादळ आलेच, तर आमची बातमी पहिल्या पानावर असावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. श्रीवर्धन, जि. रायगड