खिडकी उघडून काम कर

परभणी, रविवार

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तुला तपोवन एक्स्प्रेसमध्ये बसवून घरी आलो, तर आजी विचारते, पोरीनं ओसरीच्या भिंतीची पोपडी पिशवीत घालून कशाला नेली? म्हटलं, गाण्याच्या कव्हरवरच्या चित्राला. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

पोपडीचं काही नाही. पिशवीत थिनरची बाटली आणि स्प्रेचे डबेही दिसले. असलं रेल्वेत नेत नाहीत, हे एक. आणि तुझ्या खोलीला खिडकी एकच, तीही डक्टकडे. बास, यावर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

कव्हर बघितलं. नाथांच्या भारुडाला गिटार हे मला अजून पचलेलं नाही, पण कव्हर जमलंय. खाली आपला चुना, त्यावर गंजका पत्रा, त्यावर चोळलेला कोळसा. कॉम्प्युटरवर थर मिसळताना मल्टिप्लाय लावलं की वरच्या थरातला पांढरा नाहीसा होतो आणि काळं तेवढं खालच्यावर उमटतं, हे तू सांगितलेलं लक्षात आहे. आमच्या ऑइलपेंटला ही सोय नाही. वरचा हात खालच्याला झाकतोच. एक खोड मात्र काढतो. तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलमध्ये तू गंजाचा कण न् कण जपलास, आणि लोक बघणार फोनवर, नखाएवढं. एलपी रेकॉर्डचं कव्हर बारा इंची होतं, माणूस ते मांडीवर घेऊन गाणं ऐकायचा. नखाएवढ्यात तीन खरखरीत थर म्हणजे नुसता चिखल. एकच खरखरीत ठेव, बाकीचे दाब. बोर्ड रंगवताना आम्ही रस्ता ओलांडून पलीकडून बघायचो. तू फोन हातभर लांब धरून बघ.

आणि भेगा पाडायला थिनर लागतो हे कुणी सांगितलं? खालचा रंग वाळला की त्यावर फेव्हिकॉलचा हात दे, आणि तो चिकट आहे तोवरच वरून अ‍ॅक्रिलिक मार. वाळताना वरचा रंग आपोआप तडकतो. फेव्हिकॉल जाड तर भेगा रुंद, पातळ तर बारीक. सगळं पाण्यातलं काम, छातीला त्रास नाही.

अजिंठ्याला नेलं होतं तुला. सगळे चित्रं बघत होते आणि तू रंग उडालेल्या जागेपाशी बसलेली. मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवताच्या काड्या, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. पहारेकरी ओरडला तरी हलेनास. आई वैतागली. मी मात्र येताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो, पोरीची नजर पेंटरची आहे म्हणून. त्याच पावसाळ्यात तुला दवाखान्यात ठेवावं लागलं. रात्रभर तुझी छाती वाजायची.

आप्पाचं तुला ठाऊकच आहे. बंद गोदामात ड्युको, म्हणजे गाड्यांचा स्प्रेचा रंग, मारायचा, तोंडाला रुमाल बांधून. रुमालानं धूळ अडते, थिनरची वाफ अडत नाही. घरमालकाला एक्झॉस्ट पंखा बसवू दे म्हणावं, पैसे मी देतो. नाही म्हणाला तर स्प्रेचं काम गच्चीवर कर, वाऱ्याला पाठ करून.

झालं, पुन्हा उपदेश. राग धरू नकोस माय. काम सोड असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही.

तुझं कव्हर मोठं छापून दुकानात लावलंय. फ्लेक्सवाल्याकडूनच करून घेतलं, ज्यानं आमचा धंदा खाल्ला त्याच्याकडून. पैसे घेईना, मी दिले. येणारा-जाणारा विचारतो हे काय, तर सांगतो, खाली आमच्याच ओसरीची भिंत आहे.

आई म्हणते श्वासाचा पंप नेलाय, पण कपाटात एक दिसतोय. तो जुना की नवा, ते रात्री फोन करून सांग.

तुझे पप्पा