इंजिन रिच चालण्याचा (गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेण्याचा) बिघाड न शोधता पार्ट बदलल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळणेबाबत

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
पुणे वर्कशॉप

महोदय,

माझी २००२ सालची सॅन स्टॉर्म गाडी गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा आपल्याकडे आली. एकूण बिल ₹१८,४०० झाले आणि ते मी भरले. तक्रार मात्र तशीच राहिली होती. गेल्या रविवारी तिचे कारण मी स्वतः घरी साध्या मल्टिमीटरने शोधले.

तक्रार पहिल्याच दिवशी मी लिहून दिली होती. सकाळी गाडी उत्तम चालते. कात्रजचा घाट चढून गेल्यावर, इंजिन पूर्ण तापले की, कधीकधी आयडलिंग वरखाली होते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, कच्च्या पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी बंद केली तर पुन्हा सुरू होत नाही. प्लग काढले तर ओले आणि काजळी धरलेले. तापमानाचा काटा मात्र जागच्या जागी. ॲव्हरेज १४ वरून ९ वर आले. हे सगळे रोज होत नाही, आठवड्यातून दोनदा होते, हेही त्या कागदावर होते.

आपल्या माणसांनी गाडी थंड असताना दहा मिनिटे चालवली आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. दुसऱ्या खेपेला कूलंट टेंपरेचर सेन्सर (इंजिन किती तापले ते मोजणारा) बदलला. गाडी नऊ दिवस नीट चालली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सांगण्यात आले की ईसीएम, म्हणजे किती पेट्रोल द्यायचे ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, गेले. या गाडीचे ईसीएम आज कुठे मिळते? गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी आणि रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन असलेली ही गाडी मुळात थोडीच बनली. ईसीएम गेले असे तोंडी सांगण्याआधी एकदा तरी मोजायला हवे होते.

मी काय मोजले ते लिहितो. गरम इंजिनावर सेन्सरच्या पिनांवर रोध ३१० ओम आला. म्हणजे सेन्सर चांगला, बहुधा जुनाही चांगलाच होता. तोच रोध ईसीएमच्या टोकाकडून मोजला, तर कधी ३२०, आणि सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) हलवला की २,००० च्या पुढे. आत एक पिन हिरवी पडून सैल झाली होती. वायर पूर्ण तुटली असती तर स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला असता. पण २,००० ओम हा थंड इंजिनाचाच आकडा आहे. ईसीएम त्यावर विश्वास ठेवते आणि तापलेल्या इंजिनाला थंडीतल्यासारखे पेट्रोल देते. काट्याची वायर वेगळी असल्याने काटा खरेच सांगत राहतो. आपण सेन्सर बदलताना कपलर काढून घातला, पिन तात्पुरती टेकली, म्हणून ते नऊ दिवस. पिन बदलायला मला ₹६० लागले. त्यानंतर चार वेळा घाट चढलो, एकदाही धूर नाही.

ही गाडी माझ्या वडिलांनी हौसेने घेतली होती. मी ती भरवशाने आपल्या हाती दिली. तिसऱ्या खेपेला ती तुमच्या आवारात उन्हात अकरा दिवस उभी राहिली आणि एकही रीडिंग जॉब कार्डवर लिहिले गेले नाही, याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटते.

सेन्सर, इंजेक्टर सफाई आणि तिन्ही वेळची मजुरी मिळून ₹१५,२०० परत करावेत. प्लगचे पैसे मी मागत नाही, ते काळे झालेच होते. काढलेला जुना सेन्सर मला परत द्यावा. ईसीएम खराब असल्याचे कशावरून ठरवले, ते लेखी कळवावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. तिन्ही बिले, जॉब कार्डच्या प्रती आणि मल्टिमीटरच्या रीडिंगचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
(गाडीमालक)